घळीतला खुंट

"शेवंतीऽऽ! जनीऽऽ! तारेऽऽ! नमूऽऽ! पाणी वळलं गोऽऽ!"

सोळा वर्षं झाली, तरी उजाडताना खाडीवरचा वारा पडला की हा आवाज माझ्या कानात उठतो. बांधावर उभी, कमरेला पदर खोवलेली, चिंचेच्या वाळक्या फोकासारखी भागीआजी. आणि तिच्या एवढ्याशा छातीतून निघालेली, पाण्यावरून घसरत पार पुळणीच्या टोकाला जाणारी ती हाळी. एकेकीचं नाव. एकेकीचं उलटं "आलेऽऽ". शेवटचं "आले" कानावर पडेपर्यंत आजी बांधावरून हलायची नाही.

मी ती हाळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा पुळणीवर पाच बाया होत्या. हाका चार आल्या.

पाचवी मी होते.

खारकोंडच्या खाडीत ओहोटीला रेती-चिखलाचं एक लांबट बेट उघडं पडतं, तीच पुळण. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला भोईवाडीतल्या बाया कोयती आणि पाटी घेऊन तिथं उतरायच्या आणि रेतीतल्या शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, खणून काढायच्या. मला तिथं कांदळ लावायचं होतं. समुद्र वर चढतोय, किनारा खातोय. कांदळवन उभं राहिलं तर ते त्याला थोपवील, असं मी शिकून आले होते. एका संस्थेची नोकरी, एक नकाशा, नकाशावर पुळणीच्या जागी हिरव्या पेन्सिलीनं काढलेला चौकोन, आणि चार हजार रोपं. जिंतूरकडची मी. पाणी नाही म्हणून गाव सुटलं होतं, आणि पाणी चढतंय म्हणून इथं आले होते. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी माझी जागा असेल, असं वाटायचं.

त्या पहिल्या दिवशी बाया भराभर पाट्या उचलून निघाल्या. मी मात्र टेप धरून अंतरं मोजत राहिले. समोर तर पाणी लांब होतं. वळून बघते तो पुळण आणि बांध यांच्यामधल्या सखल घळीत पाणी शिरलेलं! खाडी समोरून येईल असं मला वाटलं होतं. ती पाठीमागून आली. मी कंबरभर पाण्यातून टेप डोक्यावर धरून धडपडत बांधाला लागले, तेव्हा चौघी तिथं बसून पाट्यांतलं पाणी निथळवत होत्या.

"अगो, घाटीण भिजली," शेवंती म्हणाली. चाळिशीची, खांद्यानं रुंद, जीभ कोयतीसारखी. "हिनं पाणी बघितलं असेल ते टँकरचं."

"मला हाक का नाही मारली?"

"तुजं नाव कुणाला म्हाईत हाय?"

"कौतिका."

"ऱ्हाऊ दे. नाव घेतलं की वो द्यायला लागते, आनि वो दिली की मानूस आपला होतो. आमाला कशाला ते लचांड?"

बाकीच्या हसल्या. भागीआजी हसली नाही. तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि पाटी डोक्यावर घेता घेता स्वतःशीच गुणगुणल्यासारखं म्हणाली,

"खाडीच्या गं पाण्याला, बाई नको देऊ भाक,
आता घोट्याशी खेळतं, मागं बघू तर नाक."

पुढचे दोन महिने मी त्या वाडीत राहिले ते परक्या तारवावरच्या मांजरासारखी. दुकानात गेले की बोलणं थांबायचं. विहिरीवर माझी कळशी शेवटी. मी बांधाच्या पलीकडं रोपांसाठी मांडव घातला, तर कुणीतरी त्याला नाव ठेवलं "मयताचा मांडव". रोपं लावायला वाडीतलं कुणी येईना, म्हणून तालुक्याहून दोन मजूर आणले. प्रत्येक रोपाला आधाराची एक बांबूची काठी. चार हजार रोपं, चार हजार काठ्या, दोरी धरून सरळ रांगा. नंतर एका ओहोटीला ताराबायचा तळपाय एका काठीनं फाटला. ती लंगडत माझ्या दारात आली आणि रक्तानं भरलेली चिंधी माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली.

शेवंती बोलली. "आमची पुळण हाय का तुजं हळदीचं वावर? काठ्या रोवल्यात रांगेनं! शिवल्या काय तुज्या रांगेत बसनार?"

"मावशी, ही झाडं तुमच्यासाठीच आहेत. उद्या खाडी वर आली की..."

"खाडी आमाला शिकवू नको. तू येवच्या आदीपासनं ती वर येते नि खाली जाते."

मी तिच्याशी वाद घालायचं सोडलं. कामाला लागले. एवढं तरी माझ्या हातात होतं.

अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो. पुळण नीट उघडी पडत नाही, आणि बाया तिकडं फिरकत नाहीत. त्या दिवसांत आम्ही रोपं होडीतून घळीच्या वाटेनं न्यायचो. घळीच्या मधोमध एक जुना खुंट होता. पुरुषभर उंच, एका अंगाला झुकलेला, कालवं चिकटून खडबडीत झालेला. गुडघ्याच्या उंचीवर एक लोखंडी कडी सैल लोंबत होती. होडी दोनदा त्याच्यावर आपटली, रोपांची एक पाटी पाण्यात गेली.

"कसला खुंट आहे हा?" मी विचारलं.

"होडी बांधायचा असेल, बाई. जुनाट हाय," मजूर म्हणाला.

"मग काढा."

दोघांनी हलवून हलवून तो उपटला आणि मांडवामागं टाकला. चार दिवसांत चिखलाबाहेरचा भाग वाळला, मग कडीसकट कुऱ्हाडीनं फोडला. त्यावर चहा झाला. खारं लाकूड, त्याची ज्योत निळी-हिरवी निघाली, मोराच्या गळ्यासारखी. मला ती फार आवडली, हे आठवतं. खुंटाच्या वरच्या बाजूला कोयतीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या, एकीच्या वर एक, चार-चार बोटांच्या अंतरानं. आगीत सरकवताना मी त्यांवरून बोट फिरवलं होतं. मग चहाचा पेला मांडीशी ठेवून कचेरीचा तक्ता भरला. त्यात एक रकाना होता: गावात खाडीच्या पातळीची जुनी नोंद आहे का? मी लिहिलं, "नाही."

अमावास्येच्या सकाळी दाट धुकं होतं. बाया घळीत उतरल्या तसा गलका उठला.

"खुंट कुठं गेला गो?"

"उधानानं नेला असेल. झुकलेला व्हताच."

"आता गो आजी?"

भागीआजी जरा वेळ घळीकडं बघत राहिली. "जावा. मी बघते पानी."

त्या गेल्या. नमिताही गेली, शेवंतीची सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी मांडवात रोपांना पाणी घालत होते. धुकं असं की स्वतःचा हात दिसू नये. बांधावर आजी एकदा पुढं वाकायची, एकदा मागं सरायची. मध्येच तिनं कानाला हात लावला, कशाची तरी वाट बघितल्यासारखा. मग एकदम तिची हाळी उठली, आणि त्या हाळीत मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. भेदरलेलं.

"शेवंतीऽऽ! जनीऽऽ! तारेऽऽ! नमूऽऽ!"

"आलेऽऽ", "आलेऽऽ", "आलेऽऽ".

चौथं आलं नाही.

घळ छातीपर्यंत भरली होती. तिघी एकमेकींना धरून आल्या. नमू मागं होती, पाटी सोडवत नव्हती तिला. शेवंतीनं परत पाण्यात उडी घेतली आणि सुनेला केसांना धरून ओढून काढलं. नमूच्या नाकातोंडातून खाडी वाहत होती. तिला पालथी घालून पाठ चोळताना शेवंतीच्या तोंडून शब्द नव्हे, नुसता घरघर आवाज निघत होता. नमू जगली. महिनाभर तालुक्याच्या दवाखान्यात होती. परत आली ती पाण्याकडं पाठ करून बसायला लागली.

त्या दुपारी बाया भागीआजीच्या अंगणात जमल्या. मीही कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. कुणी मला हाकललं नाही, आज त्यांना दुसरं माणूस सापडलं होतं.

"डोळं गेलं तुजं, म्हातारे!" शेवंती ओरडली. "माजी सून खाल्ली असतीस!"

"खुंट नव्हता," आजी म्हणाली.

"खुंट नव्हता तर पाठवलीस कशाला? पानी बघते म्हनालीस नव्हं?"

ताराबायनं मला ऐकू जाईल असं कुणाला तरी सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. घळीतलं पाणी गुडघ्याशी आलं की ती कडी हलायची, खुंटावर आपटायची. खट् खट्. धुकं असो, काळोख असो, कडी वाजली की हाळी घालायची. सासूकडून सुनेकडं तेवढंच आलेलं. आणि जी नवी हाळीवाली होई, तिनं आपल्या पहिल्या नारळी पौर्णिमेला भरतीचं पाणी जिथवर चढलं तिथं खुंटावर एक खाच पाडायची. तीन पिढ्यांच्या तीन खाचा. दर खाच आधीच्या खाचेच्या वर.

माझ्या जिभेवर चहाची चव आली.

बोलायला हवं होतं. तोंडही उघडलं मी. पण समोर शेवंती उभी होती, तिच्या हाताला अजून नमूचे तुटलेले केस चिकटलेले. मी तोंड मिटलं.

"आजपासनं तुजी हाळी बंद," शेवंती म्हणाली. आजीनं मान हलवली, एखाद्याचा निरोप घ्यावा तशी.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या मांडवाशी आली. चुलीजवळ उकिडवी बसून काटकीनं राख उकरत राहिली.

"चाय पितस वाटतं हितं?"

"हो, आजी."

"लाकूड कुठलं?"

"असंच. वाहून आलेलं."

"हां." तिनं राखेतून काहीतरी उचललं, पदराला पुसलं आणि कमरेच्या चंचीत टाकलं. मला वाटलं, कोळसा असेल. दात घासायला नेत असेल. असं मला वाटलं, की वाटून घेतलं, ते आज नाही सांगता येत.

त्यानंतर बाया पुळणीवर अर्ध्याच्या पुढं जाईनात. भीती बसली होती. शिवल्या अर्ध्या. आणि माझी रोपं? रेतीत कांदळ धरेना. पानं पिवळी, खोडांना शिंपांची खवलं. काठ्यांभोवती मात्र गाळ बसत चालला होता, आणि त्या गाळाखाली शिवल्या गुदमरून तोंडं उघडी टाकून पडत होत्या. मी ओंजळभर मेलेल्या शिवल्या घेऊन आजीकडं गेले. का गेले? तिच्यासमोर उभं राहायची शिक्षा हवी होती म्हणून असेल.

"झाड कुठं लावायचं, आजी?"

"आता इचारतस?" ती मग उठली आणि मला बांधाच्या टोकाला घेऊन गेली. तिथं बांध फुटून खारं पाणी आत शिरलेलं, भातशेती कधीच सोडलेली. चिखलात कांदळाच्या चार-दोन शेंगा आपोआप रुजून उभ्या होत्या. "जिथं ती आपनहून येते तिथं तिला सोबत दे. झाड काय, बाईमानूस काय. नेऊन रोवलं की रुजलं, असं नसतं."

मी काठ्या उपटायला घेतल्या. दर अमावास्येला, दर पौर्णिमेला, एकटी. तळहात सोलवटले. कचेरीतून खांबेटे साहेबांचा फोन आला.

"तुम्ही लावलेली झाडं तुम्हीच उपटताय असं ऐकतो. खरं आहे?"

"खरं आहे, सर."

"डोकं ठिकाणावर आहे ना? फोटो गेलेत वर!"

"झाडं मेलीत सर. आणि शिवल्याही मरतायत. फुटक्या बांधाच्या आत लावू या. तिथं जगतील."

"महिन्याभरात तुम्ही तरी तिथं नसाल, बघतो मी."

पगार थांबला. मी मात्र तिथंच राहिले. आणि काठ्या उपटता उपटता घळीवर डोळा ठेवायला लागले. एका सकाळी पाणी शिरताना पाहून मी ओरडले, "पाणी आलंऽऽ!" एकही मान वळली नाही. "घाटनीची हाळी कोन आयकतंय!" ताराबाय म्हणाली.

संध्याकाळी आजी मला दारातच म्हणाली, "पानी आलं म्हनून बाय उठत नाय. पानी रोज येतं. नाव घे एकेकीचं. नाव घेतलं की तिला कळतं, आपल्यावाचून कुनाचं तरी अडलंय."

पुढच्या उधाणाला मी बांधावर उभी राहिले. लाजेनं आवाज फाटला. "जनीताईऽऽ! तारामावशीऽऽ! शेवंतीमावशीऽऽ!"

जनी "आले" म्हणाली. ताराबायनं नुसती पाटी वर केली. शेवंतीनं ओ दिली नाही. पण आली. माझ्या अंगावरून जाताना थुंकली, आणि पुढच्या अमावास्येला अर्ध्याच्या पुढं शिवल्या काढायला गेली.

मी तेव्हा रडले होते. आनंदानं, असं त्या वेळी वाटलं होतं.

आषाढात फुटक्या बांधाच्या आत आम्ही कांदळाच्या शेंगा खोवल्या. आम्ही म्हणजे मी, आजी आणि जनी. काठी नाही, दोरी नाही. श्रावण लागला तोवर त्यांना दोन-दोन पानं आली होती, जोडलेल्या हातांसारखी. आज तिथून होडी आतही जात नाही, एवढं रान माजलंय. पण ते नंतरचं.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी, ओहोटीत, नवा खुंट रोवायचा ठरला. ऐनाचा सोट मी डोंगरातून आणवला होता. शेवंतीनं तो एकटीनं खांद्यावर घेतला, कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही घळीत खड्डा केला, दगड ठेचून भरले. बांधावर नमूही आली होती. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तोंड पाण्याकडं करून.

"कडी कुठली घालायची गो?" जनीनं विचारलं.

भागीआजीनं चंचीत हात घातला. सुपारी काढली, चुन्याची डबी काढली, आणि मग एक लोखंडी कडी काढली. आगीतून निघालेलं लोखंड असतं तशी निळसर-काळी.

"अगो! ही जुनीच. कुठं गावली?"

"राखेत."

"कुठल्या राखेत?" शेवंतीनं विचारलं.

"राख कुनाच्या घरात नाय?" आजीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आकडा ठोकला, कडी अडकवली, एकदा हलवून पाहिली. खट् खट्. "चला, जावा कामाला. आज खुंट हाय, आज हाळी माजी."

शेवंती मान खाली घालून म्हणाली, "तुजीच."

मी पुळणीच्या पार टोकाला गेले. शेवटच्या तीसेक काठ्या उरल्या होत्या. हात उपटत होते, डोक्यात एकच: तिला ठाऊक होतं. त्या दुसऱ्या दिवसापासून. अंगणात तिला म्हातारी, आंधळी, सून-खाऊ म्हटलं गेलं, विहिरीवर बाया तिच्यापासून कळश्या लांब ओढायला लागल्या, आणि ती मला चिखलात कांदळाची शेंग कशी धरायची ते शिकवत होती.

शेवटची काठी निघाली. मोळी बांधली. आणि हाळी उठली.

"शेवंतीऽऽ!"

"आलेऽऽ!"

"जनीऽऽ!"

"आलेऽऽ!"

"तारेऽऽ!"

"आलेऽऽ!"

"नमूऽऽ!"

बांधावरूनच, बारीक आवाजात, "आले." सगळ्या हसल्या.

मी मोळी उचलली.

"कौतिकेऽऽ!"

ते नाव असं पाण्यावरून यायला मी जवळजवळ वर्षभर तरसले होते. स्वप्नात ऐकलं होतं. आता ते आलं, आणि मला "आले" म्हणवेना.

"कौतिकेऽऽ! पाणी वळलं गोऽऽ!"

मी चालत घळीपर्यंत आले. बाया पलीकडं बांधावर पोचल्या होत्या. मध्ये पाणी गुडघ्याला आलेलं. खुंटावर कडी वाजायला लागली होती, खट् खट्, खट् खट्.

"अगो, वो दे ना!" शेवंती ओरडली. पहिल्यांदा तिच्या आवाजात शिवी नव्हती. "मुकी झालीस काय? वो दिल्याबिगार म्हातारी हलायची नाय!"

आजी बांधावर उभी. कमरेला पदर, हात तोंडाशी. हलली नाही. तिसऱ्यांदा हाळी घातली, हळू, जवळच्या माणसाला घालावी तशी.

"कौतिके."

मी खुंटापाशी थांबले. मोळी पाण्यात सोडून दिली. पाणी मांडीला लागलं. मी आजीकडं नाही, शेवंतीकडं बघितलं, आणि तिच्या पाठीमागं उभ्या नमूकडं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, हाळी घालावी तसं म्हणाले,

"जुना खुंट उधाणानं नाही नेला, मावशी. मी काढला. माझ्या होडीच्या वाटेत आला म्हणून काढला, आणि जाळून त्यावर चहा केला."